डायनोच्या चिठ्ठीवर किती भरवसा ठेवावा?

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत आपले पुष्कळ बांधव मोटारीच्या धंद्यावर पोट भरतात. कुणाचे गॅरेज आहे, कुणी पंप-नोझलचे काम करतो, कुणी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, तर कुणी जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करतो. एका अंगाला पुण्याहून अहिल्यानगरला जाणारा रस्ता, दुसऱ्या अंगाला सोलापूर महामार्ग, आणि मधल्या भागात उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ. त्यामुळे कामाला तोटा नाही. मात्र या धंद्यात आता एक नवी चीज शिरली आहे. गिऱ्हाईक हातात छापील कागद घेऊन येते. कागदावर डोंगरासारखी चढत जाणारी रेघ असते आणि खाली आकडा असतो. "आधी ७५ एचपी होती, ट्यूनिंग करून ९८ झाली." हा कागद दाखवून गाडीची किंमत वाढवून मागितली जाते किंवा आपल्या मिस्त्रीला विचारले जाते, "उस्ताद, तुम्ही एवढे वाढवून द्याल का?"

हा कागद ज्या यंत्रातून निघतो त्याला चासी डायनामोमीटर म्हणतात. बाजारात त्याला डायनो किंवा रोलिंग रोड असे नाव आहे. शिरूर-दौंडच्या माणसाला त्यासाठी पुण्यासारख्या शहराची वाट धरावी लागते आणि पैसेही मोजावे लागतात. म्हणून त्या आकड्यावर किती विसंबावे हा प्रश्न हौशी तरुणांपुरता उरत नाही. तो आपल्या कारागिरांच्या पोटाचा आणि जबानीचा प्रश्न होतो. आमचे मत आधीच सांगून टाकतो. डायनो खोटे यंत्र नाही, पण त्याच्या एकट्या आकड्यावर सौदा करू नये. एकाच यंत्रावर, एकाच दिवशी, कामाच्या आधी आणि नंतर घेतलेल्या दोन आकड्यांतला फरक तेवढा भरवशाचा समजावा. असे का म्हणतो ते आता पाहू.

यंत्र नेमके काय मोजते?

गाडीची चाके जड लोखंडी रोलरवर ठेवतात, गाडी पट्ट्यांनी आवळून बांधतात आणि गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतात. काही यंत्रांत रोलर ठरावीक वजनाचा असतो. तो किती झपाट्याने वेग घेतो यावरून ताकद काढतात. काही यंत्रांत रोलरला विजेचा ब्रेक असतो आणि त्या ब्रेकवर किती जोर पडला हे काट्यावर मोजले जाते. म्हणजे यंत्र मोजते ते रोलरचा वेग आणि त्यावर पडणारा जोर. अश्वशक्ती ते मोजत नाही, हिशेब करून काढते. आणि हिशेब आला की त्यात माणसाचा हात आला.

अश्वशक्ती म्हणजे काय हेही समजून घ्या. ७५ किलोचे पोते एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जेवढी ताकद लागते ती एक मेट्रिक अश्वशक्ती. इंग्रजी अश्वशक्ती हिच्यापेक्षा साधारण दीड टक्क्याने मोठी असते. एक किलोवॅट म्हणजे १.३६ मेट्रिक अश्वशक्ती. कागदावर यांपैकी कोणते माप धरले आहे हे पाहिल्याशिवाय दोन कागदांची तुलना करणे म्हणजे शेर आणि किलो एकाच पारड्यात टाकणे होय.

पहिली गफलत : चाकाची ताकद आणि इंजिनाची ताकद

कंपनी जी अश्वशक्ती जाहीर करते ती इंजिन गाडीबाहेर, टेस्ट बेडवर बसवून मोजलेली असते. डायनो मात्र चाकापाशी मोजतो. मध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल, बेअरिंगे आणि टायर आपापला वाटा खातात. ट्रॅक्टरवाल्यांना हे नवे नाही. ५० एचपीचा ट्रॅक्टर पीटीओवर पूर्ण ५० देत नाही हे त्यांना ठाऊक असते. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारची संस्था ट्रॅक्टर पीटीओवर तपासूनच अहवाल देते, आणि जाणता शेतकरी बोनेटवरच्या आकड्यापेक्षा पीटीओचा आकडा विचारतो.

मोटारीच्या बाबतीत डायनोवाले बहुधा उलटा हिशेब करतात. चाकापाशी ६४ आली तर मध्ये १५ टक्के गेली असे धरून ६४ ला ०.८५ ने भागतात आणि इंजिनाची ताकद ७५ छापतात. हे १५ टक्के आले कुठून? बहुतेक वेळा ती ठोकळ समजूत असते. समजा, ट्यूनिंगनंतर चाकापाशी ८० आली. त्याच हिशेबाने कागदावर ९४ छापली जाईल. पण गिअरबॉक्स तोच, तेल तेच, टायर तेच. आधी ११ खाल्ली जात होती, ती ताकद वाढली म्हणून लगेच १४ कशी होईल? नुकसान थोडे वाढते हे खरे, पण ते नेमके टक्क्याच्याच हिशेबाने वाढते असे मानायला आधार नाही. वरची दोन-तीन अश्वशक्ती अशा रीतीने कागदातूनच जन्माला येते. काही चांगली यंत्रे क्लच दाबून रोलर मोकळा फिरू देतात आणि तो किती लवकर मंदावतो यावरून नुकसान मोजतात. ही रीत बरी, पण तीही अंदाजच.

दुसरी गफलत : हवेची बेरीज

आपला मुलूख समुद्रसपाटीपासून साधारण ५०० ते ६०० मीटर उंचावर आहे. येथे हवेचा दाब समुद्रकाठच्या १०१३ मिलिबारच्या जागी सुमारे ९५० मिलिबार असतो. त्यात एप्रिल-मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो. हवा विरळ आणि गरम असली की इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि ताकद घटते. मुंबईचा आकडा आणि दौंडचा आकडा यांची तुलना करता यावी म्हणून डायनो ही घट भरून काढणारी बेरीज करतो. तिला करेक्शन म्हणतात. ही बेरीज करण्याची मानके अनेक आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. जर्मनीच्या जुन्या डीआयएन मानकाने ९५० मिलिबार आणि ४० अंश असताना आकड्यात सुमारे १० टक्क्यांची भर पडते. यंत्राने ८० मोजली तर कागदावर ८८ येते.

साध्या पेट्रोल इंजिनाला ही बेरीज बऱ्याच अंशी रास्त आहे. पण टर्बो असलेल्या इंजिनाला हाच हिशेब लावला तर घोटाळा होतो. हवा विरळ असली तरी टर्बो जास्त फिरून ती उणीव पुष्कळशी भरून काढतो. जी घट झालीच नाही तिची भरपाई कागदावर मिळते. डिझेल इंजिनासाठी मानकांत वेगळे सूत्र दिलेले आहे, ते वापरले की नाही हे विचारलेच पाहिजे. शिवाय तापमानाचा काटा कुठे ठेवला आहे यावरही बरेच अवलंबून असते. तो गरम बोनेटजवळ ठेवला आणि त्याने ४० ऐवजी ६० अंश दाखवले, तर त्याच ८० चे ८८ ऐवजी ९१ होतात. इंजिनाला पाना न लावता तीन अश्वशक्ती वाढली!

तिसरी गफलत : चालवणाऱ्याचा हात

टायरमध्ये हवा कमी-जास्त असणे, बांधणीचा पट्टा जास्त आवळणे, चौथ्याऐवजी तिसरा गिअर घेणे, समोरचा पंखा लहान असणे, या सर्वांनी आकडा हलतो. इंजिन तापले की तिसऱ्या-चौथ्या खेपेला आकडा खाली येतो. इंटरकूलर असलेल्या गाडीत हे ठळकपणे दिसते. म्हणून ज्याला फरक मोठा दाखवायचा असेल तो ट्यूनिंगआधीची मोजणी तापल्या इंजिनावर घेईल आणि नंतरची मोजणी थंड करून घेईल. प्रत्येकजण असे करतो असे आम्ही म्हणत नाही. पण जो माणूस ट्यूनिंग विकतो तोच मोजणीही करतो, तेव्हा मोजणी स्वतः डोळ्यांनी पाहणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

आपल्या भागातील ऊस उत्पादकाला "काटामारी" हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कारखान्याच्या काट्याचा संशय आला की तो आधी खासगी काट्यावर वजन करतो. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी फेरपडताळणी करून घ्यावी लागते. किलोभर साखर तोलणाऱ्याला एवढी शिस्त, मग हजारो रुपयांच्या ट्यूनिंगचा काटा कधी तपासला हे विचारायला लाजायचे कारण काय? ब्रेकच्या डायनोला जोर मोजणारा दांडा असतो. त्यावर माहीत असलेले वजन टांगले की काटा बरोबर आहे की नाही हे तिथल्या तिथे कळते.

गाडीही हुशार झाली आहे

जुन्या गाडीला ती रस्त्यावर आहे की रोलरवर हे कळत नव्हते. आजच्या गाडीला कळते. पुढची चाके फिरताहेत आणि मागची थांबली आहेत हे दिसताच गाडीतला संगणक घसरण झाली असे समजून ताकद कापू शकतो. अशा वेळी डायनोचा आकडा कमी येतो आणि दोष उगाच मिस्त्रीवर जातो.

संगणक याच्या पुढेही जाऊ शकतो हे जगाने २०१५ साली पाहिले. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतील संगणक प्रयोगशाळेची चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करत होता, हे त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत उघड झाले. या कंपनीचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात चाकणला आहे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया म्हणजे एआरएआय या १९६६ पासूनच्या संस्थेने येथील गाड्या तपासल्या, तेव्हा प्रयोगशाळेतला धूर आणि रस्त्यावरचा धूर यांत मोठी तफावत आढळली. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. ते प्रकरण धुराचे होते, ताकदीचे नव्हते. पण बोध आपल्या कामाचा आहे. रोलरवर जे दिसते तेच रस्त्यावर घडते असे गृहीत धरून चालत नाही.

मग डायनो टाकाऊ आहे का?

मुळीच नाही. १९९९ साली अमेरिकेत फोर्ड कंपनीने मस्टँग कोब्रा ही गाडी ३२० अश्वशक्तीची म्हणून विकली. गिऱ्हाइकांनी आपापल्या गाड्या रोलरवर चढवल्या आणि ताकद कमी भरली. एखाद्याच गाडीची ही गोष्ट असती तर कंपनीने यंत्राला दोष दिला असता. पण गाडीमागून गाडी तेच सांगू लागली, तेव्हा कंपनीला विक्री थांबवून गाड्या परत घ्याव्या लागल्या आणि सुटे भाग बदलून द्यावे लागले. एवढ्या बलाढ्य कंपनीला सामान्य गिऱ्हाइकाने रोलरच्या जोरावर जाब विचारला.

यातून नियम असा निघतो की एक गाडी, एक यंत्र, एक आकडा यांवरून फारसे काही सिद्ध होत नाही. अनेक गाड्या एकच गोष्ट सांगू लागल्या, किंवा एकाच यंत्रावर आधीचा व नंतरचा फरक स्पष्ट दिसला, तर त्याला अर्थ आहे. चांगल्या यंत्रावर काळजीपूर्वक केलेल्या दोन मोजण्यांत टक्का-दोन टक्क्यांचा फरक पडतोच. दोन वेगळ्या यंत्रांत दहा टक्क्यांची तफावत निघाली तरी नवल मानू नये. म्हणून नवा एअर फिल्टर, मोठा सायलेन्सर किंवा डिझेलच्या नळीवर बसवायची चुंबके यांनी "दोन एचपी वाढली" असा कागद कुणी दाखवला, तर ती वाढ यंत्राच्या थरथरीतच बुडालेली आहे असे समजावे.

घरबसल्या करायची एक कसोटी

शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन तयार होत असे. याच घराण्याचे इंजिन मारुती स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्तीचे होते, तर फियाटच्याच काही गाड्यांत ९३ अश्वशक्तीचे. फरक मुख्यतः टर्बोच्या प्रकारात आणि ट्यूनिंगमध्ये होता. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ मानके लागू झाली आणि हे इंजिन नव्या गाड्यांतून गेले, पण जुन्या गाड्या आपल्या गॅरेजांत अजून भरपूर येतात. "९३ चे इंजिन तेच आहे, माझेही तेवढे करा," हा आग्रह याच गाड्यांच्या मालकांचा असतो.

स्विफ्टचे हे इंजिन ४००० फेऱ्यांवर ७५ अश्वशक्ती देते आणि २००० फेऱ्यांवर १९० न्यूटन मीटर हा कमाल टॉर्क देते. आता कागद तपासण्याचे गणित पाहा. मेट्रिक अश्वशक्तीला ७०२३ ने गुणायचे आणि फेऱ्यांनी भागायचे, म्हणजे त्या फेऱ्यांवरचा टॉर्क निघतो. ७५ ला हे गणित लावले की ४००० फेऱ्यांवर सुमारे १३२ न्यूटन मीटर येतात. आता कुणी म्हणाले की फक्त रिमॅप करून ४००० फेऱ्यांवर ११० अश्वशक्ती मिळाली, तर टॉर्क १९३ निघतो. म्हणजे हे इंजिन जो जोर कष्टाने २००० फेऱ्यांवर गाठते, त्याहून जास्त जोर त्याच लहान टर्बोने दुप्पट फेऱ्यांवर दिला, असे मानावे लागेल. असा कागद समोर आला की मोबाइलवर हा गुणाकार-भागाकार करावा आणि मगच बोलावे.

आकड्याच्या मागे काय दडते

डिझेलच्या इंजिनात इंधन वाढवून आकडा चढवणे फारसे अवघड नाही. पण जळायला हवा पुरी पडली नाही तर काळा धूर निघतो आणि एक्झॉस्टचे तापमान चढते. मग टर्बो, पिस्टन, हेड गॅस्केट आणि क्लच प्लेट त्याची किंमत मोजतात. डायनोवरची खेप काही सेकंदांची असते. भर उन्हात माल भरून चढ चढणाऱ्या टेंपोची परीक्षा अर्ध्या तासाची असते. सेकंदांत मिळालेला आकडा अर्ध्या तासाचे आश्वासन देऊ शकत नाही. इंजिन बसले की गिऱ्हाईक पुण्याच्या ट्यूनिंगवाल्याकडे जात नाही, ते जवळच्या मिस्त्रीच्या दारात उभे राहते.

कायद्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ नव्या रूपात आले. त्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. वाढीव ताकदीचा छापील कागद अपघातानंतर विमा कंपनीच्या हाती पडला तर तो मालकाच्याच विरुद्ध पुरावा ठरू शकतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगणे हे आपले काम आहे.

कारागिरांनी काय करावे?

ज्यांना ट्यूनिंगच्या कामात पडायचे आहे किंवा ट्यून केलेली गाडी घ्यायची-विकायची आहे, त्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) कामाआधीची आणि नंतरची मोजणी एकाच यंत्रावर, शक्यतो एकाच दिवशी, त्याच गिअरमध्ये आणि टायरच्या त्याच हवेवर घ्यावी.

२) प्रत्येक वेळी निदान तीन खेपा घ्याव्यात. सर्वांत मोठा आकडा न धरता तिन्हींची सरासरी धरावी.

३) चाकापाशी मोजलेला, कसलीही बेरीज न केलेला आकडा कागदावर मागून घ्यावा. करेक्शन कोणत्या मानकाने केले, तापमान व दाब किती धरला, हेही लिहून घ्यावे.

४) कमाल अश्वशक्तीपेक्षा १५०० ते २५०० फेऱ्यांमधला टॉर्क पाहावा. टेंपो आणि टॅक्सीची रोजी-रोटी तेथेच आहे.

५) पावतीवर आकड्याची हमी कधीही लिहू नये. "अमुक काम केले, अमुक यंत्रावर अमुक फरक दिसला" एवढेच लिहावे. हमी लिहून दिली आणि दुसऱ्या यंत्रावर आकडा कमी आला, तर ग्राहक आयोगात सेवेतील त्रुटीबद्दल जबाब द्यावा लागेल.

६) जुनी गाडी घेताना डायनोच्या कागदासाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. उलट ट्यूनिंग झाले आहे असे कळले तर क्लच आणि टर्बो अधिक बारकाईने तपासावेत.

मापात कसर न करण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. पूर्वी ती तराजू आणि गजापुरती होती, आता ती संगणकाने छापलेल्या रेघेलाही लागू आहे. छापील कागदाचा दबदबा मोठा असतो आणि मिस्त्रीचा हात काळा असतो. म्हणून गिऱ्हाईक कागदावर चटकन विश्वास ठेवते. पण शिरूरच्या किंवा दौंडच्या बाजारात गॅरेज चालते ते वर्षानुवर्षे टिकलेल्या नावावर. कागदावरच्या ९८ पेक्षा "या उस्तादाने जेवढे सांगितले तेवढे दिले" हे गिऱ्हाइकाचे बोल जास्त मोलाचे आहेत. तेव्हा रोलरवर गाडी जरूर चढवा, फरक स्वतः पाहा, गिऱ्हाइकालाही दाखवा. मात्र कमाल आकड्यावर पैसे घेऊ नका आणि देऊही नका.